दुचाकीचं भाटघर

जुलै-ऑगस्टमध्ये भोर-वेल्ह्यात एखादी गोष्ट गळत नसेल तर माणसं काळजीत पडतात. कौलं गळतात, एसटीचं छत गळतं, बालवाडीतल्या पोरांची नाकं गळतात. तेवढ्यात मोटारसायकलखाली पेट्रोलचे चार थेंब पडले तर त्याची दखल कोण घेणार? डाग पावसानं धुऊन निघतो, वास वाऱ्यावर जातो आणि मालक सुखात राहतो. पंचाईत होते ती दिवाळीनंतर. सगळं शिवार सुकतं, आणि गाडीखालची जागा तेवढी ओली राहते.

त्यात आमच्याकडे गाडी अंगणात उभी करायची पद्धत नाही. ती रात्री पडवीत येते आणि भाताच्या पोत्यांना टेकून झोपते. गुडघाभर चिखलात लावणी करून आंबेमोहोर पिकवायचा, कांडून आणायचा, पाहुणा आला की मुद्दाम तोच शिजवायचा, आणि पाहुण्यानं पहिल्या घासाला नाक वर करून विचारायचं, "तांदूळ पंपावरनं आणला व्हय?"

अशी गळते ती जुनी गाडी. आता जुनी कशाला म्हणायचं? १ एप्रिल २०२० ला बीएस-सहाचा नियम लागू झाला आणि बहुतेक नव्या दुचाकींमधून कारबोरेटर हद्दपार झाला. त्याच्या आधीच्या सगळ्या गाड्या आता 'जुन्या', मग त्यांचा मालक काही का म्हणेना. पण आपल्या भागात जुनी म्हणजे खरोखरची जुनी. १९८५ ला बाजारात आलेली सीडी-शंभर इथं अजून खत वाहते. १९९४ पासूनची स्प्लेंडर तर घरटी एक. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवलेली एम-एटी अजून एखादी दिसते. आणि यामाहा आरएक्स-शंभर, जी १९९६ ला बनायची बंद झाली, ती ज्याच्याकडे आहे त्याला लग्नाच्या वरातीत नवरदेवापेक्षा जास्त लोक भेटायला येतात.

यातल्या सीडी-शंभरची जाहिरात ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती आठवत असेल: 'फिल इट, शट इट, फर्गेट इट'. पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. भोर-वेल्ह्यानं या उपदेशातलं पहिलं आणि तिसरं वचन मनोभावे पाळलं. मधलं मात्र राहून गेलं. टाकीखाली डाव्या अंगाला पेट्रोलचा कॉक असतो, त्याला ऑन, ऑफ आणि रिझर्व्ह अशा तीन जागा असतात. ऑन सर्वांना माहीत आहे. रिझर्व्ह तर फारच माहीत आहे, कारण आपल्याकडची निम्मी वाहतूक रिझर्व्हवरच चालते. ऑफ ही जागा कंपनीनं कशाला दिली असावी, यावर एकमत नाही.

कॉक बंद न करण्यामागं एक जुनं दुखणं आहे. रात्री कॉक बंद केला आणि सकाळी उघडायचा राहिला तर गाडी लगेच बंद पडत नाही. कारबोरेटरमध्ये साठलेल्या पेट्रोलवर ती थोडं अंतर झकास जाते आणि नेमकी चढाला दम टाकते. पाबे घाटाच्या वळणावर, मागं मेव्हणा बसलेला असताना, गाडी अशी थांबली की माणूस तिथंच शपथ घेतो: पुन्हा म्हणून कॉक बंद करणार नाही. मेव्हणा पुढं वीस वर्षं ती गोष्ट प्रत्येक बारशाला सांगतो, आणि टाकी वीस वर्षं रात्रभर उघडी राहते.

गाडी गळते आहे हे कळलं की तिला पारावर न्यावं लागत नाही. पार गाडीकडं येतो. पहिला येतो तो प्लग काढायला सांगतो. हा गृहस्थ इंडिकेटर लागत नसला तरी प्लग काढायला सांगतो. दुसरा खाली न वाकता "रिंगा गेल्या" म्हणून निकाल देतो. एसटीच्या डेपोतून रिटायर झालेले काका कमरेवर हात ठेवून म्हणतात, "आमच्या लेलँडला असलं कधी झालं न्हाय." ते खरंच आहे. लेलँड डिझेलवर चालायची, तिला कारबोरेटरच नव्हता. या सगळ्या गलक्यात जन्मात गाडीवर न बसलेली एखादी आजी उंबऱ्यावरून ओरडते, "आरं, आधी त्यो नळ तरी बंद करा की!" आणि कुणी तिचं ऐकलंच, तर दहा मिनिटांत निम्मं निदान झालेलं असतं.

कारण तपासणी तिथूनच सुरू होते. कॉक बंद केल्यावरही थेंब पडत राहिला, तर दोष टाकीत किंवा कॉकमध्ये. थांबला, तर नळीत किंवा कारबोरेटरमध्ये. एवढी साधी विभागणी आहे. पण पेट्रोल मोठं लबाड. ते गळतं एकीकडं आणि टपकतं दुसरीकडं. कॉकच्या वायसरमधून निघालेला थेंब नळीवरून घसरतो, इंजिनाच्या पंख्यांवर येतो, तिथून फूटरेस्टवर, आणि मालक फूटरेस्टचा बोल्ट आवळत बसतो. यावर घरगुती उपाय आहे. सगळं फडक्यानं कोरडं करायचं आणि अंगाला लावायची पावडर भुरभुरायची. जिथून ओघळ सुरू होतो तिथली पावडर आधी भिजते. उपाय अगदी खात्रीचा. अडचण एवढीच की डबा परत जाग्यावर ठेवताना कुणी पाहिलं तर गाडीला पावडर कशाला लावत होता, याचं उत्तर घरात कुणालाही पटत नाही.

समजा, कारबोरेटरवर ठपका आला. आता हे यंत्र इतरांना समजावून सांगायला अवघड, पण भोरच्या माणसाला अजिबात नाही. कारण त्याच्या उशाला भाटघर आहे. वेळवंडीवरचं हे इंग्रजी अमदानीतलं धरण, साडेतेवीस टीएमसीच्या आसपासचं. त्याला पंचेचाळीस स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की दरवाजे आपोआप उघडतात, कुणाला बटण दाबावं लागत नाही. आपल्या पट्ट्याला ही विद्या नवी नाही. पलीकडं खडकवासल्याला विश्वेश्वरय्यांनी आपले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्येच बसवले होते. कारबोरेटर हे दुचाकीचं भाटघर. त्याच्या तळाला एक छोटी वाटी असते, वाटीत फ्लोट तरंगतो आणि फ्लोटच्या जिभेवर एक टोकदार पिन बसलेली असते. पेट्रोल चढलं की फ्लोट वर येतो, पिन सीटमध्ये जाऊन बसते आणि वरून येणारं पेट्रोल थांबतं. इंजिनानं घोट घेतला, पातळी उतरली, की पिन सुटते आणि पुन्हा आवक सुरू. जर्मनीत मायबाखनं फवाऱ्याचा कारबोरेटर केला १८९३ मध्ये, तेव्हापासून युक्ती हीच. फरक एवढाच की धरण भरल्यावर दार उघडतं, आणि इथं वाटी भरल्यावर दार मिटतं.

ते मिटलं नाही की विसर्ग सुरू होतो. वाटीतली जादा आवक ओव्हरफ्लोच्या नळीतून खाली सोडली जाते आणि नदीकाठच्या चपलांना सतर्कतेचा इशारा द्यावा लागतो. तक्रार करायला जागा नाही. भाटघरचं पाणी कालव्यानं बारामती-फलटणकडं जातं, हे पेट्रोल निदान आपल्याच गावात जिरतं.

दार न मिटण्याचं सर्वांत साधं कारण म्हणजे कचरा. पंप लांब, त्यामुळं केळदकडच्या एखाद्या वाडीत पेट्रोल पाण्याच्या बाटलीतून येतं, आणि त्या बाटलीत आधी काय काय होतं ते बाटलीलाच ठाऊक. टाकीच्या झाकणाचं रबर गेलेलं असतं, त्यावर कॅरीबॅग बांधलेली असते, तरी वेल्ह्याचा पाऊस आत जातोच. टाकी आतून गंजते. गंजाचा एक कण पिन आणि सीटच्या मध्ये अडकला की झालं. यावर सर्व मिस्त्रींचा सनातन इलाज म्हणजे पान्याच्या मुठीनं वाटीवर टकटक करणं. हसू नका, याला शास्त्र आहे. हादऱ्यानं कण सुटतो आणि पिन जाग्यावर बसते. तो कण मात्र कुठं जात नाही. वाटीतच राहतो आणि पुढच्या आठवड्यात परत भेटीला येतो. टकटक करून गाडी बरी झाली म्हणून खूष झालेला माणूस पुढं त्या जागेवर इतकं टकटकवतो की वाटीलाच पोचा पडतो.

कचरा नसेल तर पिन झिजलेली असते. तिच्या रबरी टोकावर नख फिरवलं की कंगोरा लागतो. असा कंगोरा लागला की पिन फेकायची, धुवायची नाही. फ्लोट पितळी असला तर कानाजवळ हलवून बघायचा. आत खुळखुळलं म्हणजे फ्लोटनं पेट्रोल प्यायलंय आणि तो आता तरंगायचं सोडून बुडायला निघालाय. गरम पाण्यात बुडवला की भोकातून बुडबुडा येतो; हे पातेलं परत चुलीवर जाऊ नये, इतकं पथ्य पाळायचं. काही कारबोरेटरमध्ये वाटीच्या आत ओव्हरफ्लोची बारीक पितळी नळी उभी असते. तिला केसाएवढी चीर गेली तर पिन नवी, फ्लोट नवा, तरी गळती कायम. मोठमोठे मिस्त्री इथं हात टेकतात. वाटी सोडवायची, टेबलावर ठेवायची, पेट्रोल ओतायचं आणि नुसतं बघत बसायचं. नुसतं बघत बसणं हे आपल्याकडं कामात धरत नाहीत म्हणून ही चीर सापडत नाही.

आणि कधी काहीच बिघडलेलं नसतं. गाडी साइड स्टँडवर वाकडी, त्यात जमीन उतरती. वाटी कलली की फ्लोटचा अंदाज चुकतो. मधला स्टँड लावून सपाट जागी उभी करा, थेंब थांबेल, असं पुस्तकात लिहिलंय. तोरण्याच्या पायथ्याला सपाट जागा कुठली, ते पुस्तकात लिहिलेलं नाही.

पण आपल्या माणसाला कारण शोधण्यात रस नसतो. त्याच्या हातात पाना असतो आणि डोक्यात एकच क्रियापद असतं: आवळणे. गळतंय? आवळ. अजून गळतंय? कचकचून आवळ. वाटीचे स्क्रू मऊ धातूच्या अंगात बसलेले असतात, ते एका मर्यादेपर्यंत ऐकून घेतात. मग आटे जातात. मग आट्यांना टेफ्लॉनची टेप गुंडाळतात, टेपचा तुकडा सुटून जेटमध्ये जातो, आणि गळकी गाडी बंद गाडी होते. एक रबर बदलण्याचं काम होतं, तिथं आता पुरा कारबोरेटर बदलायचा. भोर-वेल्ह्यात पेट्रोलच्या गळतीनं जेवढं नुकसान झालं असेल त्याहून अधिक ती आवळून थांबवण्यानं झालं असेल, हे माझं ठाम मत आहे.

आवळणाऱ्यांपेक्षा मला चिकटवणारे बरे वाटतात. त्यांच्याकडं कल्पकता तरी असते. टाकीला बारीक भोक पडलं की त्यावर कपड्याचा साबण घासतात. हा वेडेपणा नाही. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळं घरापर्यंत पोचण्याची सोय होते. तेवढ्यापुरता तो नामी. पण काहींनी हा साबण तीन उन्हाळे टिकवलाय आणि गाडी धुताना त्याला हात लावू नका म्हणून पोरांना दम देऊन ठेवलाय. मग एम-सील. तेही काही दिवस धरतं, नंतर कडेनं सुटतं. टाकीला वेल्डिंग करायची असेल तर मात्र गंमत बाजूला. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, कारण आत वाफ भरलेली असते. जाणता वेल्डर टाकी धुऊन तिच्यात पाणी भरल्याशिवाय ठिणगी पाडत नाही. "रिकामीच हाय, मार टाका" म्हणणाऱ्याच्या दुकानापासून गाडीसकट परत या.

नळी हा वेगळाच विषय. मूळ रबरी नळी कडक होऊन तडकली की नवी आणायला कोण जातो? दवाखान्यातून सलाईनची नळी येते. दिसायला सुंदर, आतलं पेट्रोल वाहताना दिसतं, गावभर कौतुक होतं. काही आठवड्यांत पेट्रोल त्या प्लास्टिकचा मऊपणा शोषून घेतं, नळी काडीगत ताठ होते आणि टोकाला आखडून निसटते. पेट्रोलसाठी बनवलेली नळी आणि तिची स्प्रिंगची क्लिप यांना पर्याय नाही. सलाईनच्या नळीचा खरा उपयोग दुसराच आहे आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. ती वाटीच्या ड्रेनला लावायची, टोक वर धरायचं आणि ड्रेनचा स्क्रू सैल करायचा. वाटीत पेट्रोल जिथवर आहे तिथवर ते नळीत चढून थांबतं. वाटीच्या सांध्याच्या जरा खाली थांबलं तर फ्लोट ठीक. सांध्याच्या वर चढलं तर फ्लोटची जीभ किंचित वाकवायची. भाटघरची पातळी रोज पेपरात येते, दुचाकीची अशी घरच्या घरी मिळते.

हल्ली मात्र सगळा दोष इथेनॉलवर टाकायची सोय झाली आहे. २०२५ मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल वीस टक्क्यांवर गेलं, आणि पंचवीस वर्षं गळणाऱ्या गाड्यांच्या मालकांना एकाएकी कारण सापडलं. यात तथ्य आहे. जुन्या गाड्यांचं रबर या मिश्रणासाठी बनलेलं नव्हतं. ते फुगतं, पिचतं. काही जुन्या वाहनांची रबरं आणि गॅस्केटं वीस-तीस हजार किलोमीटर चालल्यावर बदलावी लागतील, हे सरकारनंही त्याच वर्षी सांगून टाकलं. इथेनॉल पाणीही धरून ठेवतं. झाकणातून पाऊस आत गेला की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात, आणि कॉक नेमका तळाला असतो. पण हे इथेनॉल येतं कुठून? बरंचसं उसातून. उसाशी आपलं नातं जुनं. साखर कारखाना आपल्याच तालुक्यात, निगड्याला. ज्या उसानं पश्चिम महाराष्ट्रात भली भली माणसं फुगली, तिथं चार आण्याचं रबर फुगलं तर नवल कसलं? आणि खरं सांगायचं तर १९९८ सालचं रबर गंगाजलानंसुद्धा गळलं असतं.

थेंबाथेंबानं कितीसं जाणार, असं म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब. थेंब ०.०३ मिलिलिटरचा धरा आणि सेकंदाला एक. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दिवसाला अडीच लिटरच्या वर. पुण्यात पेट्रोल शंभरी ओलांडून बसलंय. एवढ्या पैशात मिसळ, पाव, चहा आणि वर मेव्हण्यालाही एक प्लेट येते.

पैसा गेला तर गेला, पण उघडा कॉक आणि सैल पिन यांची जोडी दुसरीकडंही गळते, आणि ती गळती जमिनीवर दिसत नाही. रात्रभर पेट्रोल कारबोरेटरमधून सिलिंडरमध्ये, तिथून रिंगांच्या फटीतून खाली इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरतं. काठीवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते. असे मालक आहेत जे यावर खूष होतात: "आपलं इंजिन ऑइल खात न्हाय, उलट वाढवतंय!" स्प्लेंडरसारख्या गाडीत मुळात लिटरभर ऑइल, त्यात पेट्रोल मिसळलं की ते पाण्यागत पातळ होतं आणि इंजिन स्वतःलाच खायला लागतं. काठीला पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू न करता आधी पिन बदलायची, मग ऑइल. उलट क्रमानं केलं तर ऑइल दोनदा बदलावं लागतं.

आणि बिडी. गळती बघायला बसलेल्या पाचांपैकी दोघांच्या तोंडात ती असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि उंबऱ्याशी, चुलीपर्यंतही पोचते. पूर्वी अंधारात थेंब कुठून येतोय ते बघायला काडी ओढणारे महाभाग होते. आता मोबाइलची बॅटरी आली, तेवढी प्रगती झाली.

शनिवार-रविवारी राजगड-तोरण्याला येणाऱ्या पुण्याच्या पोरांच्या गाड्यांना यातलं काहीच नाही. कॉक नाही, वाटी नाही, थेंब नाही. त्या बंद पडल्या की त्यांच्यासाठी टेम्पो येतो. आपली गाडी मार्गासनीच्या झाडाखाली दहाच्या पान्यानं आणि स्क्रू ड्रायव्हरनं उघडते. एवढं सोपं यंत्र हातात असून ते आवळून मारायचं, हा करंटेपणा आहे.

तेव्हा पुण्याला गेलात की नाना पेठेत चक्कर मारा. आपल्या गाडीचं नाव आणि साल सांगून पिन, सीट, वाटीचं रबर आणि कॉकचं वायसर घ्या. किट म्हणून एकत्र मिळतं. जुनं रबर एकदा काढलं की पेट्रोलनं फुगलेलं असतं, ते खाचेत परत बसत नाही, म्हणून नवंच लागतं. आणि ते रबर दोन घ्या. एक बसवताना हातातून उडतं, आणि उडालेलं रबर भोर तालुक्यात आजवर कुणाला सापडलेलं नाही.